सागरतळींच्या पाण्याची साक्ष

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडे, किनवट तालुक्यांत, पैनगंगेच्या टापूंत इस्लापूर हें गांव आहे. सरकारी दप्तरांत त्याचें नांव ठळकपणें येतें तें सरहद्दींच्या फेरफाराच्या निमित्तानें. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं इस्लापूरचें मंडळ हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत, बोथ तालुक्यांत मोडत असे. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरला तें मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत समाविष्ट झालें. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले. पण गांवाजवळच सहस्रकुंडाच्या ठिकाणीं काळ्या कातळावरून कोसळणाऱ्या पैनगंगेला या फेरफाराची वार्ताहि नाहीं. तिच्या पात्रांतला तो कातळ सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. नदीबरोबर आणखी खालीं, यवतमाळ, आदिलाबाद व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या मुलुखांत गेलें म्हणजे लाव्ह्याच्या थरांखालून त्याहूनहि कितीतरी जुना असा एक चुनखडक उघडा पडतो. भूशास्त्रज्ञ त्याला पैनगंगा समूहाचा चुनखडक म्हणतात व त्याचें वय ठोकळ मानानें शंभर कोटि वर्षांच्या घरांत धरतात. आज असल्या चुनखडकाचें सिमेंट होतें; एके काळीं तो समुद्राच्या तळाशीं बसलेला मऊ गाळ होता.

मराठवाड्याच्या सीमेवर समुद्र होता हें ऐकून कोणाहि चौकस मनुष्याच्या मनांत पहिला प्रश्न येईल तो हा, कीं तो समुद्र होता तरी कसा? त्याचें पाणी ऊन होतें कीं थंड? प्रश्न दिसावयास बाळबोध आहे. पण तो शुद्ध इतिहासाचा प्रश्न आहे, आणि इतिहासाचा प्रश्न म्हटला कीं तो अखेरीस साधनांचा प्रश्न होऊन बसतो. कै. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून अस्सल पत्र कोणतें, नक्कल कोणती आणि मागाहून रचलेली बखर कोणती, हा विवेक महाराष्ट्रांतील सुशिक्षितांच्या अंगवळणीं पडला आहे. निसर्गाच्या दप्तरालाहि हाच विवेक लावावा लागतो. सागरतळींचा चुनखडीचा गाळ हें समुद्राच्या इतिहासाचें सर्वांत विस्तृत दप्तर होय; पण तें दप्तर अस्सल आहे कीं नकललेलें, हें ओळखण्यास विद्वानांना जवळजवळ अर्धें शतक लागलें. आणि तें ओळखण्याचें साधन शेवटीं दगडांत नव्हे, तर त्या गाळाच्या बारीक छिद्रांत अडकून राहिलेल्या पाण्यांत सांपडलें. त्या शोधाचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

आरंभ प्राणवायूपासून केला पाहिजे. १९२९ सालीं जिओक व जॉन्स्टन या दोन अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, प्राणवायूचे सर्व अणु एकाच वजनाचे नसतात. बहुतेकांचें वजन १६ असतें. पण सुमारें दर पांचशें अणूंत एक अणु १८ वजनाचा निघतो, व १७ वजनाचे त्याहूनहि विरळ. रासायनिक गुणांनीं हीं भावंडें सारखींच. म्हणून त्यांना समस्थानिक म्हणतात. परंतु वजनांतल्या या फरकामुळें त्यांच्या वर्तनांत अगदीं किंचित् भेद पडतो. पाण्याची वाफ होतांना हलके रेणु आधीं उठतात, जड मागें राहतात. पाण्यांतून चुना साकळूं लागला कीं त्यांत जड अणूंचा वांटा पाण्यांतल्यापेक्षां थोडा अधिक जातो, आणि पाणी जितकें थंड तितका हा वांटा वाढतो.

या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व प्रथम ओळखलें तें हॅरल्ड यूरी यांनीं. जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल १९३४ सालचें नोबेल पारितोषिक मिळविलेल्या या रसायनशास्त्रज्ञाचा समस्थानिकांवरील विख्यात निबंध १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं असें सुचविलें कीं, शिंपल्यांतील जड प्राणवायूचें प्रमाण पुरेशा सूक्ष्मतेनें मोजतां आलें, तर तो शिंपला ज्या पाण्यांत वाढला त्या पाण्याचें उष्णमान सांगतां येईल. कल्पना सोपी; मोजणी मात्र महाकठीण. उष्णमानांत चार अंशांचा फरक पडला तर जड प्राणवायूच्या प्रमाणांत दर हजारीं एकाचा काय तो फरक पडतो. इतकें सूक्ष्म अंतर पकडण्यासाठीं शिकागो येथें यूरी व त्यांचे सहकारी एप्स्टाइन, लोवेनस्टाम प्रभृतींनीं अणूंची वजनवारी लावणारें यंत्र सुधारून घेतलें. १९५१ सालीं त्यांनीं स्कॉटलंडजवळील स्काय बेटांतल्या एका बेलेम्नाइटाची, म्हणजे माकूळाच्या जातीच्या एका लुप्त सागरी प्राण्याची, हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या अश्मीभूत सांगाड्यांतील वळ्यांचा एकेक थर खरवडून तपासतां त्यांत उन्हाळे व हिवाळे क्रमानें उमटलेले आढळले. तो प्राणी सुमारें चार वर्षें जगला व वसंत ऋतूंत मेला, येथपर्यंत त्यांना सांगतां आलें. पंधरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं मेलेल्या एका य:कश्चित् जीवाची मृत्यूची ऋतूहि कळावी, हा इतिहाससंशोधनाचा विलक्षण विजय होय.

पण या विजयाच्या पोटांत दोन शंका दडलेल्या होत्या. पहिली अशी कीं, शिंपल्यांतील प्राणवायु हा उष्णमानावर अवलंबून आहे तसाच तो ज्या पाण्यांतून आला त्या पाण्याच्या घटनेवरहि अवलंबून आहे. एका समीकरणांत दोन अज्ञात संख्या! हिमयुगाच्या बाबतींत ही अडचण विशेष तीव्र होते. वाफेबरोबर हलके रेणु उठतात, त्यांचें हिम होतें, आणि तें हिम युरोप-अमेरिकेच्या डोक्यावर मैल मैल जाडीनें सांठून राहिलें कीं समुद्राचें उरलेलें पाणी आपोआप जड होतें. तेव्हां हिमयुगांतील शिंपला जड निघाला, तर तो पाणी थंड झाल्यामुळें कीं पाणीच जड झाल्यामुळें?

या प्रश्नावर एक प्रसिद्ध वाद झाला. १९५५ सालीं चेझारे एमिलियानी यांनीं सागरतळाच्या गाळांतील फोरामिनिफेरा नामक सूक्ष्म कवचधारी जीव तपासून असें प्रतिपादिलें कीं, या फरकांतला मोठा भाग उष्णमानाचा आहे व उष्ण कटिबंधांतील समुद्रसुद्धां हिमयुगांत सहाएक अंशांनीं गार झाले होते. हिमाच्या वांट्यास त्यांनीं दर हजारीं केवळ सुमारें चार दशांश सोडले. १९६७ सालीं केंब्रिजच्या निकोलस शॅकलटन यांनीं हा निर्णय उलटा फिरविला. त्यांचा युक्तिवाद मार्मिक होता. खोल तळाचें पाणी आजच गोठण्याच्या बेतास आलेलें आहे. तें आणखी कितीसें गार होणार? असें असतां तळाशीं राहणाऱ्या जीवांच्या कवचांतहि पृष्ठभागावरच्या जीवांइतकाच फरक दिसतो. तेव्हां हा फरक मुख्यतः पाण्याच्या घटनेचा, म्हणजेच हिमाच्या साठ्याचा असला पाहिजे. बहुतेकांना हें पटलें. तथापि नेमका वांटा किती, हें दोघांपैकीं कोणासहि प्रत्यक्ष मोजून दाखवितां आलें नाहीं. कारण हिमयुगांतलें समुद्राचें पाणी कोणाच्या हातीं होतें?

दुसरी शंका याहून खोल होती. शिंपला तळाशीं पडल्यावर त्याच्यावर लक्षावधि वर्षें गाळ सांचत जातो. या मुदतींत चुन्याचे बारीक स्फटिक विरघळतात व त्याच जागीं पुनः साकळतात. बाहेरचा आकार पुष्कळदां तोच राहतो. पण आंतला प्राणवायु मूळचा न राहतां छिद्रांतील पाण्याशीं देवघेव होऊन बदललेला असतो. नकलनवीसानें जुन्या पत्राची प्रत करतांना अक्षर हुबेहूब काढावें आणि तारखा मात्र आपल्या काळाच्या घालाव्या, तसा हा प्रकार आहे. अशी नक्कल ओळखावी कशी?

दोन्ही शंकांचें उत्तर एकाच ठिकाणीं होतें. समुद्राचा गाळ म्हणजे कोरडी पूड नव्हे. तळावर नुकत्याच बसलेल्या चुनखडीच्या गाळांत निम्म्याहून अधिक जागा पाण्यानें व्यापलेली असते, व शेकडों मीटर खालींहि हें पाणी पूर्णपणें निघून जात नाहीं. या छिद्रजलाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष फार पूर्वीं गेलें होतें. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या जगप्रसिद्ध सफरीवर असलेले जॉन मरे यांनीं अर्विन यांच्यासह १८९५ सालीं सागरतळाच्या निळ्या चिखलांतील पाण्याचें रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केलें, आणि तें पाणी वरच्या समुद्राच्या पाण्याहून वेगळें असतें हें दाखविलें. परंतु खोल थरांतलें पाणी मिळण्यास १९६८ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीं ‘ग्लोमर चॅलेंजर’ हें वेधनजहाज खोल समुद्रांत छिद्रें पाडण्याच्या कामास लागलें. नळ्यांतून वर आलेल्या गाळाचा एक तुकडा कापावयाचा, त्याची बाहेरची दूषित साल तासून टाकावयाची, व उरलेला गाभा पोलादी नळकांड्यांत घालून द्रवदाबाच्या यंत्राखालीं पिळावयाचा, अशी ही रीति. तिचें यंत्र फ्रँक मॅनहाइम यांनीं १९६६ सालीं वर्णिलें होतें. उसाच्या चरकांतून रस निघावा तसें हें पाणी निघत नाहीं. थेंब थेंब गोळा करावा लागतो, आणि त्याची वाफ होऊं नये म्हणून तो तत्काळ बंद करावा लागतो. कारण वाफेबरोबर हलके रेणु गेले, कीं साक्षच बिघडली.

या थेंबांनीं प्रथमच एक अनपेक्षित गोष्ट सांगितली. १९७५ सालीं लॉरेन्स, गीस्केस व ब्रोकर यांनीं दाखविलें कीं, पुष्कळ ठिकाणीं जसजसें खोल जावें तसतसें छिद्रजलांतील जड प्राणवायूचें प्रमाण कमी होत जातें; त्याबरोबर कॅल्शियम वाढतो व मॅग्नेशियम घटतो. म्हणजे खालीं कोणी तरी जड प्राणवायु शोषून घेत आहे! हा शोषक म्हणजे गाळाखालचा बेसाल्ट, आणि कित्येक ठिकाणीं गाळांत मिसळलेली ज्वालामुखीची राख. थंड पाण्यांत बेसाल्ट कुजून त्याची माती होते, व त्या मातीचीं खनिजें जड प्राणवायु अधिक घेतात. ही क्रिया समजण्यास महाराष्ट्रीय वाचकांना समुद्रतळीं जाण्याचें कारण नाहीं. सहस्रकुंडाचा कातळ व त्या कांठच्या कपाशीच्या रानांतली काळी माती, या दोहोंतील नातें तें हेंच होय. आपल्या पायांखालीं उन्हापावसांत जें घडतें, त्याच जातीचें कार्य समुद्रतळाच्या अंधारांत कोट्यवधि वर्षें चाललेलें असतें. पुढें १९७६ सालीं म्यूलेनबाक्स व क्लेटन यांनीं असें मांडलें कीं, थंड पाण्यांत कुजणारा बेसाल्ट समुद्रांतील जड प्राणवायु काढून घेतो, तर सागरी पर्वतरांगांतील तप्त बेसाल्ट तो परत देतो. आणि या जमाखर्चामुळें समुद्राच्या पाण्याची घटना दीर्घ काळ एका मर्यादेंत राहते. हा सिद्धांत पुढें उपयोगीं पडणार आहे. वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

आतां हिमयुगाकडे वळूं. मराठवाड्यांतील माळवदाच्या घरांत राहिलेल्यांना हें ठाऊक असतें कीं, दुपारचें ऊन जाड मातीच्या धाब्यांतून आंत उतरण्यास रात्र होते. बाहेर गारवा सुटलेला असतो आणि आढ्यांतून मात्र ऊब येत असते. गाळांतील पाण्याची गोष्ट अशीच आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं हिमयुग कळसास पोंचलें तेव्हां तळाचें पाणी जड झालें होतें. तो जडपणा विसरणानें सावकाश गाळांत झिरपूं लागला. पुढें हिम वितळून वरचें पाणी हलकें झालें, तरी खालीं उतरलेली ती लाट अजून पुसलेली नाहीं. ती पसरट व क्षीण झाली आहे, पण कांहीं दशक मीटर खोलीवर ती मोजतां येते, आणि विसरणाचें गणित माहीत असल्यानें मूळची लाट किती उंच होती हेंहि काढतां येतें.

१९९६ सालीं डॅनियल श्रॅग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अटलांटिकच्या उष्ण भागांत, तीन हजार मीटर खोल पाण्याखालच्या गाळाच्या वरच्या साठ मीटरांतील छिद्रजलावरून हें गणित मांडलें. त्या ठिकाणचें हिमयुगांतील पाणी आजच्यापेक्षां दर हजारीं ०.८ इतकें जड होतें असें निघालें. सर्व महासागरांची सरासरी त्यांनीं १.० धरली. पूर्वीं हा आंकडा १.३ च्या आसपास धरण्याचा प्रघात होता. दर हजारीं तीन दशांशांचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण हिमाचा वांटा जितका घटला तितका उष्णमानाचा वाढला. त्याच ठिकाणच्या तळजीवांच्या कवचांशीं मेळ घालतां तेथील खोल पाणी हिमयुगांत चार अंशांनीं अधिक गार होतें असें सिद्ध झालें. म्हणजे मुख्य मुद्यांत शॅकलटन यांचें म्हणणें खरें ठरलें, तरी खोल पाणी गार झालें नसावें हा त्यांचा आधार ढळला. आणि एमिलियानी यांच्या पक्षांतहि कांहीं तथ्य होतें असें दिसलें. पुढें २००२ सालीं निरनिराळ्या महासागरांतील छिद्रजलांवरून ॲडकिन्स, मॅकइंटायर व श्रॅग यांनीं हिमयुगांतलें खोल पाणी बहुतेक सर्वत्र गोठण्याच्या बिंदूजवळ होतें हें दाखविलें. चाळीस वर्षांचा वाद या मूठभर थेंबांनीं मिटविला.

हा केवळ विद्वानांचा वितंडवाद नव्हे. हिमयुगांत उष्ण कटिबंध किती गार झाला होता, यावरून आज हवेंत वाढत असलेल्या कर्बाम्लवायूमुळें पृथ्वी किती तापेल याचा अंदाज बांधतात. ज्या प्रदेशाचें सारें वर्ष मान्सूनच्या चार महिन्यांवर उभें आहे, त्या प्रदेशांतील लोकांना या अंदाजाची मातबरी सांगण्याची गरज नाहीं.

नकलेच्या शंकेचा निकालहि छिद्रजलानेंच लाविला. चुन्याचे स्फटिक पुनः साकळतांना मूळच्या कवचांतील स्ट्रॉन्शियम धातूचा कांहीं अंश बाहेर टाकतात, व तो शेजारच्या पाण्यांत सांचतो. नकलनवीस आपल्या मागें असा पुरावा सोडून जातो! पाण्यांत स्ट्रॉन्शियम किती सांचला यावरून गाळाचा किती भाग किती वेगानें नकलला गेला हें ठरवितां येतें. याच विचारानें श्रॅग यांनीं १९९५ सालीं एका जुन्या कोड्याचा उलगडा केला. पांच कोटि वर्षांपूर्वीं ध्रुवप्रदेश उबदार असतां उष्ण कटिबंधांतील समुद्र मात्र आजच्यापेक्षां गार होते, असें त्या काळचे सूक्ष्म शिंपले सांगत. ही विसंगति कोणालाच उलगडत नव्हती. खरा प्रकार असा कीं, पृष्ठभागाच्या उबदार पाण्यांत वाढलेलें कवच मेल्यावर तळाच्या थंड पाण्यांत पडतें आणि तेथें त्याची नक्कल होते. म्हणून तें पृष्ठभागाची नव्हे, तर तळाची थंडी सांगूं लागतें. २००१ सालीं पिअर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टांझानियांतील चिकणमातींत जसेच्या तसे टिकलेले शिंपले तपासले, तेव्हां ते प्राचीन समुद्र उबदारच होते अशी साक्ष मिळाली. अस्सल पत्र सांपडल्यावर बखरीचा घोटाळा उघड व्हावा, तसेंच हें झालें.

आमचा पश्चिम समुद्रहि या संशोधनापासून दूर राहिलेला नाहीं. ‘ग्लोमर चॅलेंजर’नें १९७२ सालींच अरबी समुद्रांत वेधनें केलीं होतीं. २००६ सालीं भारत सरकारच्या वायुहिम-शोधमोहिमेंत केरळ-कोकण किनाऱ्यासमोरच्या चुनखडीयुक्त गाळांत एक वेध घेण्यांत आला. तेथें वायुहिम आढळलें नाहीं, पण पूर्व किनाऱ्याकडे कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत तें मोठ्या जाडीनें सांपडलें. अशा शोधांतहि छिद्रजल कामीं येतें; कारण वायुहिम जड प्राणवायु आपल्याकडे ओढतें, आणि तें वितळलें कीं पाणी गोडें व जड असें दोन्ही होतें. २०१५ सालीं धनंजय पांडे व पीटर क्लिफ्ट यांच्या नेतृत्वाखालीं आंतरराष्ट्रीय मोहिमेनें लक्ष्मी खोऱ्यांत गाळाच्या थरांतून थेट बेसाल्टाच्या तळखडकापर्यंत मजल मारली.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें काय? पैनगंगेचा तो पुरातन समुद्र ऊन होता कीं थंड? येथें आपल्याला साधनाची मर्यादा ओळखली पाहिजे. त्या चुनखडकांतील मूळचें छिद्रजल केव्हांच पिळून निघून गेलें आहे. त्यानंतर त्यावर लाव्हा आला, त्यांत पावसाचें पाणी मुरलें. त्याची नक्कल किती वेळां झाली असेल याला गणति नाहीं. जगांतील अति प्राचीन चुनखडकांत सामान्यतः जड प्राणवायूचें प्रमाण कमी आढळतें. समुद्राचें पाणी आजच्याचसारखें धरलें तर ते समुद्र मन मानणार नाहीं इतके ऊन ठरतात. म्हणून विद्वानांचे तीन पक्ष झाले आहेत : समुद्र खरोखरीच ऊन होते असें एक म्हणतात, पाणीच हलकें होतें असें दुसरे, आणि दगडच मागाहून बदलले आहेत असें तिसरे. बेसाल्टाच्या जमाखर्चाचा जो सिद्धांत वर सांगितला, तो दुसऱ्या पक्षाच्या आड येतो. छिद्रजलाचा सगळा अनुभव तिसऱ्या पक्षाला बळ देतो.

२००६ सालीं प्रसेनजित घोष व त्यांच्या अमेरिकेंतील सहकाऱ्यांनीं एक नवी युक्ति प्रसिद्ध केली. चुन्याच्या रेणूंत जड कर्ब व जड प्राणवायु एकमेकांशेजारीं किती वेळां येतात, एवढेंच मोजावयाचें. मग पाण्याची घटना ठाऊक नसली तरी उष्णमान कळतें. एका समीकरणांतल्या दोन अज्ञात संख्यांपैकीं एक अशा रीतीनें दूर झाली. पण ही युक्तिहि खोल पुरलेल्या व तापलेल्या खडकांत फसते, कारण तापल्यावर अणूंच्या त्या जोड्या घन स्थितींतच फिरून नव्या जुळतात. तेव्हां अशा खडकांपुढें संशोधकाला पूर्वींइतकीच सावधगिरी बाळगावी लागते.

या सर्व इतिहासाचा बोध एकच आहे. प्रथम दगड बोलतो तें खरें मानलें गेलें. मग त्याच्या बोलण्यावर संशय आला. आणि शेवटीं ज्याकडे कोणी साधन म्हणून पाहिलेंहि नव्हतें, जें गाळ सुकवितांना फेंकून दिलें जात असे, त्या पाण्यानें दोहोंतला निवाडा केला. ऐतिहासिक कागदाच्या मजकुराइतकाच त्याच्या कागदाचा, शाईचा व शिक्क्याचा तपास करावा लागतो, हें आमच्या संशोधकांनीं फार पूर्वींच ओळखलें. समुद्राच्या दप्तराचा कागद व शाई हीं त्या थेंबांत आहेत. पैनगंगेच्या चुनखडकाला आज आपली हकीकत पुरी सांगतां येत नाहीं, याचा अर्थ ती हकीकत घडलीच नाहीं असा नव्हे. जो दगड सिमेंटाच्या भट्टींत जातो त्याच्या थरांत एका समुद्राचें चरित्र नकलून ठेविलेलें आहे. त्यांतील एखादी ओळ अस्सल राहिली असेल, तर ती शोधून वाचण्यास तो दगड व तो वाचणारा जाणता मनुष्य, दोघेहि शिल्लक असले पाहिजेत. मराठवाड्यांतील व विदर्भांतील महाविद्यालयांतून भूशास्त्र शिकणाऱ्या तरुणांनीं हें काम आपल्याच कांठचें समजून हातीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें.